पाण्यात राहून मासा गुदमरतो कसा?

दर फेब्रुवारीत मी कॉलेजच्या पोरांना घेऊन दोन बाटल्या भरायला बाहेर पडते. बाटल्या तीनशे मिलिलिटरच्या, काचेचं घट्ट बूच असलेल्या. एक भरायची खानापूरजवळ असोग्याला, मलप्रभेच्या वाहत्या पाण्यात. दुसरी बेळगावात, बळ्ळारी नाल्यावर. भरताना बाटली पूर्ण बुडवायची, आत हवेचा एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग काठावरच दोन रसायनं पिपेटने तळाशी सोडायची, बूच लावायचं आणि बाटली चार-पाच वेळा उलटीपालटी करायची. पाणी तसंच कॉलेजपर्यंत आणलं तर वाटेत त्याचा गुण बदलतो, म्हणून ही घाई.

यंदा दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा पुढे येऊन वाकून बघायला लागला. मलप्रभेच्या बाटलीत तळाला दाट तपकिरी साका बसला होता, चहाच्या चोथ्यासारखा. नाल्याच्या बाटलीत पांढराफटक. तो म्हणाला, "मॅडम, ह्याचं दही झालं की!"

वर्ग हसला. पण त्याने नेमकं ओळखलं होतं. पहिल्या रसायनात मँगनीज असतं. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर मँगनीज तो पकडतं आणि साका तपकिरी होतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितका रंग गडद. पकडायला काहीच नसेल तर साका पांढरा राहतो. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ही रीत शोधली आणि आजही डिजिटल मीटर बरोबर दाखवतो का, हे तपासायला हीच वापरतात. त्या पांढऱ्या बाटलीत मासा सोडला असता तर तो काही मिनिटांत मेला असता. विष काही घालावं लागलं नसतं.

इथे दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "पण मॅडम, पाणी म्हणजेच एच-टू-ओ ना? मग त्यात ऑक्सिजन कसा नाही?" आहे, पण तो हायड्रोजनशी बांधलेला आहे. भाकरी भाजल्यावर तिच्यातलं पीठ परत डब्यात भरता येत नाही, तसा हा ऑक्सिजन माशाच्या कामाचा नाही. मासा घेतो तो वेगळा. हवेतून पाण्यात उतरलेला, साखरेसारखा विरघळलेला मोकळा ऑक्सिजन. आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच स्वच्छ पाण्यात, पंचवीस अंश तापमानाला, जेमतेम आठ मिलिग्रॅम. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, त्यामुळे आपल्याकडे त्याहूनही थोडा कमीच. म्हणजे मासा जन्मापासूनच अशा घरात राहतो जिथे श्वासाला आपल्यापेक्षा तीस-पस्तीसपट कमी माल आहे. म्हणूनच त्याचे कल्ले इतके कसबी असतात. आपण आत घेतलेल्या हवेतला जेमतेम पाव ऑक्सिजन वापरतो आणि बाकीचा उच्छ्वासात परत सोडून देतो. कल्ल्यांत रक्त एका दिशेने आणि पाणी उलट दिशेने वाहतं, त्यामुळे चांगला मासा पाण्यातला सत्तर-ऐंशी टक्के ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. इतकं सगळं करूनही त्याच्या हाताशी शिल्लक फारशी राहत नाही.

आता या आठ मिलिग्रॅमवर डल्ला कोण मारतं ते बघू.

आपल्याकडे प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विष येतं. केमिकल, ॲसिड, हिरवं-निळं पाणी. पण नदीतले बहुतेक मासे विषाने मरत नाहीत. सांडपाणी, मळीचं पाणी, कुजका पाला, शेणकाला हे सगळं जिवाणूंचं अन्न आहे. पंगत बसली की जिवाणू वाढतात आणि जेवताना ऑक्सिजन ओढतात. माशाच्या तोंडचा घास असा कुणीतरी दुसराच खातो. पाण्यात टाकलेली घाण किती ऑक्सिजन खाईल, याच्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडे नमुना तीन दिवस सत्तावीस अंशांवर ठेवून हे मोजतात. न शुद्ध केलेल्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याला कुजून संपायला साधारण पन्नास ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या आसपास होती. गुणाकार करा. शहराचं सगळं सांडपाणी तसंच सोडलं तर रोज चोवीस टन ऑक्सिजनचं कर्ज कुठल्यातरी ओढ्याच्या नावावर चढतं. जुने बेळगाव, शहापूर, वडगाव शिवारातल्या शेतकऱ्यांना हे कर्ज पावसाळ्यात भाताच्या वाफ्यात उभं राहिलेलं दिसतं. ज्या शिवारात बेळगाव बासमतीचा वास यायचा, तिथे आता नाल्याचा येतो.

मळीचं तर विचारूच नका. साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी असते. तिथे मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळपट, कढत, उग्र वासाचं पाणी उरतं त्याला स्पेंट वॉश म्हणतात. बोलीत मळीचं पाणी. त्याचा बीओडी लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात किंवा त्याहून जास्त. स्वच्छ नदीत लिटरला आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन. चाळीस हजाराला आठने भागलं की उत्तर येतं पाच हजार. उन्हाळ्यात गल्लीत येणारा पाच हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्या अख्ख्या टँकरमधला ऑक्सिजन एक लिटर मळीचं पाणी फस्त करतं. फळ्यावर हा भागाकार केला की वर्ग गप्प होतो. अर्ध्या पोरांच्या घरी ऊस आहे.

कारखान्यांची बाजूही सांगायला हवी. आजच्या नियमाप्रमाणे डिस्टिलरीने हे पाणी नदीत सोडायचंच नाही. आटवून बॉयलरमध्ये जाळायचं किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मुरवून खत करायचं. बरेच जण करतातही. पण साठवण तलावाचा बांध फुटला, पंप बंद पडला किंवा रात्रीच्या अंधारात कुणी झडप उघडली, तर एका रात्रीत महिन्याभराचं पुण्य वाहून जातं. दोन वर्षांपूर्वी चिकोडी भागात काठावर काळं पाणी दिसल्यावर मी एका कार्यालयात फोन केला होता. पलीकडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "पाणी कुठून आलंय ते सांगा आधी. वरून आलं असेल तर आमच्या हद्दीत येत नाही." मी सांगितलं, मासे मात्र तुमच्याच हद्दीत मेलेत. फोन ठेवला गेला.

हद्दीचा हा मुद्दा आपल्या भागात टाळताच येत नाही. वेदगंगा निपाणीजवळून येते, दूधगंगा सदलग्याजवळून, हिरण्यकेशी आंबोलीहून आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला, घटप्रभा चंदगडातून हिडकलला. पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजीचं पाणी घेऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा राजापूरच्या बंधाऱ्याखालून कर्नाटकात उतरते. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्या पाण्याला पुढचं गाव आपलंच. बच्छावत लवादाच्या १९७३ च्या निवाड्यापासून आजपर्यंत दोन्ही राज्यं कृष्णेच्या पाण्यासाठी टीएमसीत भांडत आली आहेत. एका टीएमसीत ऑक्सिजन किती, हे मात्र भांडणात कुणी काढत नाही.

तेरवाडसारख्या ठिकाणी मासे मरतात ते बंधाऱ्यावरच का? नदी वाहती असते तेव्हा खडकावर आपटत, फेसाळत ती हवा आत घेते. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा पावणेदोनशे फूट खाली पडते, तो खरं तर फुकटातला ऑक्सिजन पंप आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि नदीची तळ्यांची माळ होते. पाणी उभं राहिलं की वरचा थर तापतो, खालचा थर हवेपासून तुटतो आणि तळाला गाळ कुजत राहतो. त्यात हाच काळ गळीत हंगामाचा. मग बरगे काढले, किंवा वळवाचा एक जोरदार पाऊस झाला, की तळातलं काळं, ऑक्सिजन संपलेलं पाणी ढवळून वर येतं आणि पुढच्या बंधाऱ्यातल्या माशांवर जाऊन पडतं. त्या दिवशी कुणीच नवं काही सोडलेलं नसतं. सहा महिन्यांचं साचलेलं एका दिवसात मोकळं झालेलं असतं. म्हणून मासे मेले त्या दिवशीच नमुना घेऊन गुन्हेगार शोधायचा, तर सापडत नाही.

वेळही ठरलेली असते. मासे बहुतेकदा पहाटे मरतात. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेही आपल्यासारखंच ऑक्सिजन खातं. घाण जितकी जास्त तितकं शेवाळ जास्त, आणि तितकाच हा दिवस-रात्रीचा झोका मोठा. दुपारी दोन वाजता मीटर लावला तर आकडा झकास येतो. त्याच जागी पहाटे पाचला लावला तर दोनच्या खाली. मासेमारांना मीटरची गरज नसते. मासे वर येऊन काठाशी तोंडं उघडझाप करायला लागले की त्यांना कळतं. पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा हवेला चिकटलेला असतो, मासा तिथलं पाणी ओढायला बघतो. उन्हाळ्यात हे आणखी अवघड. पाणी वीस अंशांवर लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, तीस अंशांवर साडेसात. आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की माशाची ऑक्सिजनची भूक साधारण दुप्पट होते. मिळकत घटते तेव्हाच खर्च वाढतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे अ ते ई असे वर्ग केलेत. त्यात मासे आणि जलचर जगण्यासाठीचा वर्ग 'ड': लिटरला किमान चार मिलिग्रॅम ऑक्सिजन, सामू (पीएच) साडेसहा ते साडेआठ, मोकळा अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. चार हा आकडा जगण्यापुरता आहे. पाचाखाली बरेच मासे खाणं कमी करतात, वाढ थांबते, रोग लवकर पकडतात.

मग कुणी म्हणेल, नाल्यातसुद्धा मासे दिसतात की! दिसतात. कोणते ते बघा. मरळ, शिंगी, मागूर. यांना हवेतून थेट श्वास घेण्याची सोय आहे, मरळ तर थोड्या थोड्या वेळाने वर येऊन घुटका घेऊन जाते. आणि चिलापी. ती १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली, गढूळ-घाण कशातही तग धरते आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणजे तळाच्या गाळाशी तिच्या अंड्यांना देणंघेणं नाही. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो सुटतो आणि फावतो. नदीत मासा आहे म्हणजे नदी चांगली, हे गणित म्हणूनच फसवं आहे. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी छापली, तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घातली. खुदरी, कोलस, फुलंगी, नुक्ता. ते सगळे स्वच्छ, वाहत्या, खडकाळ पाण्याचे मासे. आज कृष्णाकाठच्या बाजारात टोपली उघडली की चिलापी आणि तलावातला कटला. माशांची वजनं तीच राहतील कदाचित, पण नावं गेली.

ऑक्सिजननंतर दुसरा नंबर अमोनियाचा. मासा हा कचरा आपल्यासारखा मुख्यतः लघवीतून टाकत नाही. शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. बाहेरच अमोनिया जास्त असेल तर आतला बाहेर पडत नाही. गंमत अशी की तोच अमोनिया कधी निरुपद्रवी असतो तर कधी जीवघेणा. सामू सातला शंभरातला अर्धा-पाऊण भाग विषारी रूपात असतो, आठला पाचेक भाग, नऊला पस्तीसच्या वर. शेवाळाने भरलेल्या तळ्याचा सामू भर दुपारी सहज नऊला टेकतो. पहाटे ऑक्सिजनने मारायचं, दुपारी अमोनियाने. ज्याला पोहून पळता येत नाही त्याने जायचं कुठे?

आता मला ज्याबद्दल खरं सांगायचं आहे ते. मासे मेले की बातमी होते. फोटो येतो, पंचनामा होतो. पण नदी त्याच्या बरीच वर्षं आधीपासून रिकामी होत आलेली असते, आणि ते रिकामं होणं मेलेल्या माशांत दिसत नाही. ते दगडाखाली दिसतं.

खानापूर तालुक्यात माझ्या मामाचं गाव. घराखालून ओढा जातो, पुढे मलप्रभेला मिळतो. लहानपणी आम्ही त्यातले दगड उलटे करून खेकडे धरायचो. अजूनही मी गेले की पाय पाण्यात सोडून दगड उलटते. मामी म्हणते, मास्तरीण झाली तरी खोड गेली नाही. तळहाताएवढा काळा दगड घ्या, हळू उचला आणि खालची बाजू उन्हाकडे धरा. आधी काहीच दिसत नाही. मग दगडाचाच एक तुकडा सरकल्यासारखा वाटतो. चपटा, नखाएवढा किडा, मागे तीन लांब शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पिसासारखे कल्ले भरभर हलतायत. ही मेफ्लायची अळी. महिनोन् महिने पाण्यात काढते आणि पंख फुटले की एखाद-दुसरा दिवस जगते. त्याच्या शेजारी वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी. ती रिकामी वाटते, पण तोंडाशी काडी लावली की आतून डोकं मागे ओढलं जातं. ही कॅडिसफ्लाय. आपल्या तोंडातल्या रेशमाने तिने हे घर बांधलंय. यांना भरपूर ऑक्सिजन लागतो आणि जागा सोडून लांब जाता येत नाही. मीटर त्या क्षणाचा आकडा सांगतो. या अळ्या दगडाखाली जिवंत असतील, तर गेल्या कित्येक महिन्यांत इथून घाण पाणी गेलेलं नाही, असं त्या सांगतात.

तेच बेळगावच्या नाल्यात. दगड उलटला की खाली चिकट काळा लगदा आणि त्यात लालबुंद, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळताना. लाल का? कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजनचा एखादा कण सापडला तरी त्या धरून ठेवतात. मत्स्यालयाच्या दुकानात याच ब्लडवर्म म्हणून विकतात. त्या वाईट नाहीत. पण दगडाखाली फक्त त्याच उरल्या असतील, तर समजायचं काय ते समजा. शंभर प्रकारच्या जिवांच्या जागी दोन-तीन प्रकार, आणि तेही मुबलक.

मेफ्लाय गेली की तिच्यावर जगणारे छोटे मासे जातात, त्यांच्यामागून मोठे. शिंपल्यांचं तर आणखी अडतं. एक शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो, म्हणजे तो स्वतःच नदीचा फिल्टर. पण त्याची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून काढतात. मासा नाही तर शिंपला नाही. शिंपला नाही तर पाणी गाळणारं कुणी नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमावर एक छोटा, सुरेख मासा २०२० साली शास्त्राला नव्याने कळला. त्याचं नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तीच हिरण्यकेशी पुढे संकेश्वरला येते. वारसा उगमापुरता, खाली आपण.

मिरगाचा पाऊस पडला की आमच्याकडे चढणीचे मासे हा शब्द प्रत्येक घरात निघायचा. नदीतला मासा अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या वाफ्यात. मामा बुट्टी आणि जुनी मच्छरदाणी घेऊन रात्री बांधावर बसायचा, कंदिलाच्या उजेडात मासे उड्या मारताना दिसायचे. गेल्या जूनमध्ये मी विचारलं तर म्हणाला, "आता कसली चढण गं. दोन-चार येत्यात, त्यांस्नी धरायलाबी जीव होत नाही."

याला बरीच कारणं आहेत, बंधाऱ्यांनी वाट अडली हेही आहेच. पण वेळेचा मेळ बघा. पहिल्या पावसाचं पाणी हे वर्षातलं सगळ्यात घाण पाणी. रस्त्यावरचं तेल, गटारात साचलेलं, शेतातला युरिया आणि तणनाशक, बंधाऱ्याच्या तळचा काळा गाळ, सगळं त्याच दोन आठवड्यांत नदीत येतं. आणि त्याच दोन आठवड्यांत अंडी पडतात. अंड्याला कल्ले नसतात. पातळ आवरणातून जेवढा ऑक्सिजन आपोआप आत झिरपेल तेवढाच. त्याच्यावर मातीचा बारीक थर बसला की झालं. गाळ स्वच्छ मातीचा असला तरी अंडं गुदमरतं, त्यात रसायन असावंच लागत नाही. आणि जी अंडी पडलीच नाहीत त्यांचा पंचनामा कोण करणार?

विषाची चाचणी कशी होते ते कळलं की हे आणखी पटतं. टाकीत मासे सोडायचे, औषध घालायचं आणि ९६ तासांत निम्मे मासे कुठल्या मात्रेला मरतात ते बघायचं. त्या मात्रेला एलसी-५० म्हणतात. म्हणजे मोजमाप मरणाचं. पण मासा न मरताही कामातून जातो. अथणीकडच्या द्राक्षबागांत बोर्डो फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं पाण्यात अगदी नाममात्र असलं, तरी माशाच्या नाकातल्या पेशी बधिर होतात. मासा पोहतो, खातो, दिसायला ठणठणीत. पण शत्रूचा वास येत नाही, जोडीदाराचा येत नाही. कॅनडात एका तळ्यात शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग पाच-सहा वेळा, इतकंच काही वर्षं घातलं होतं. नर माशांच्या अंगात अंड्यांची प्रथिनं तयार व्हायला लागली आणि तिथल्या छोट्या माशांची जमात जवळजवळ संपली. २००७ मध्ये ते छापून आलं. मेलेला एकही मासा न तरंगता तळं रिकामं होऊ शकतं.

जलपर्णीबद्दल थोडक्यात. ती काढायची मोहीम दर वर्षी निघते, जेसीबीचे फोटो येतात. पण जलपर्णी वाढते ती नत्र आणि स्फुरदावर, आणि ते येतं सांडपाणी, साबण आणि उसाला घातलेल्या खतातून. अनुकूल पाण्यात ती पंधरवड्यात दुप्पट होते. वरून हिरवा गालिचा, खाली अंधार, हवेची ये-जा बंद. काढून ती काठावरच टाकली तर कुजून पुन्हा नदीतच जाते.

आणि गणपती. कपिलेश्वर तलाव किंवा जक्कीन होंडावर विसर्जनाला आपण सगळेच जातो, मीही जाते, म्हणून जपून लिहिते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते सावकाश विरघळतं, तळाला राहतं. तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरून श्वास घेतात आणि बदल्यात हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास तो हाच, आणि माशाला तो फार थोड्या मात्रेतही मारतो. रंगातली जड धातूंची भर वेगळी. केंद्रीय मंडळाने यासाठी २०१० मध्ये नियमावली काढली, २०२० मध्ये सुधारली. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवली तर ही सगळी भानगडच उरत नाही. आमच्या गल्लीत चार घरांनी सुरू केलंय, पाचव्याला अजून लाज वाटते.

नदी सावरते का, हे पोरं शेवटी विचारतातच. घाण थांबली तर सावरते. वाहत्या पाण्यात हवा सतत मिसळते, आणि वरच्या ओढ्यात मेफ्लाय जिवंत असेल तर ती वाहत खाली येऊन पुन्हा दगड धरते. म्हणून वरचे छोटे ओढे टिकवणं हे खालच्या नदीचं बियाणं राखण्यासारखं आहे. उभ्या पाण्याला मात्र फार वेळ लागतो, कारण शांत पाण्यातून ऑक्सिजन खाली सरकतो तो हवेच्या मानाने साधारण दहा हजारपट हळू.

त्या दिवशी तास संपल्यावर नाल्याच्या बाटलीचं बूच कुणीतरी उघडंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मागच्या बाकावरचा पोरगा बाटली हातात घेऊन उभा. मानेपाशी काचेला चिकटलेला साका तपकिरी झाला होता, बोटभर. तळाचा अजून पांढराच. "मॅडम, वरून हवा लागायला लागली वाटतं," तो म्हणाला आणि बाटली न हलवता परत खिडकीत ठेवली.